हलता पगार आणि एक चौकशी

माझ्या टेबलाजवळ आलं की लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. दवाखान्यात येतो तसा. मी जळगावच्या एका केळीच्या कंपनीत पगार विभागात काम करते आणि बाहेरून एम.कॉम. करते. कंपनी फार मोठी नाही. शेतकऱ्याच्या बागेतून केळी कापून आणायची, धुवायची, घडाच्या फण्या सुट्या करून खोक्यांत भरायची, थंड करायची आणि लांब पाठवायची, एवढाच धंदा. एक पॅकिंग सेंटर रावेरला, दुसरं चोपड्याला. हिशेब सगळा जळगावात.

आमच्या कॉलेजच्या मराठीच्या सरांनी या अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा मी म्हटलं, "सर, मला नोकरी लागून तीनच वर्षं झालीत. अनुभव यायचेत अजून." सर म्हणाले, "तुझ्या घरात महिन्याचा पगार घेणारी तू पहिलीच ना? मग लिही. आम्हाला सवय झालीय, आम्हाला दिसत नाही." ते खरं की मला धीर देण्यासाठी, माहीत नाही. पण घरातलं त्यांचं बरोबर होतं. माझे अब्बा धुळ्यात गाद्या भरतात. गादी भरली की पैसे, नाही भरली की नाही. पहिल्या पगाराची स्लिप मी त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटी करून मागची बाजूही पाहिली. म्हणाले, "इतवार के भी पैसे देते तुमको?" मी हो म्हटलं. अब्बांनी स्लिप सुलटी केली आणि पुन्हा वाचायला घेतली.

आमचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. हजेरी घ्या, गुणाकार करा, बँकेत टाका. पण गंमत अशी, की पगार हा आकडा असला तरी प्रत्येकाला तो वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिसायला हवा असतो. एकाच माणसाला एकाच महिन्यात दोन स्लिपा हव्या असतात. एक मोठी, सासऱ्याला दाखवायला. एक लहान, भावाला दाखवायला. आमच्या कोल्ड स्टोरेजचे मेकॅनिक काका एकदा अगदी कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, ओव्हरटाइम तेवढा स्लिपवर नका दाखवू. बाकी सगळं दाखवा."

"का हो काका?"

"घरी आता वाचता येतं. सून बी.एस्सी. आहे."

गेटवरचे सुपरवायझर दर फेब्रुवारीत भांडायला येतात. त्या एका महिन्यात व्यवसाय कर शंभर रुपये जास्त कापला जातो. "महिना लहान आणि कापायचं जास्त, हे कोणतं गणित?" मी त्यांना सांगते की हे सरकारचं गणित आहे. ते म्हणतात, "मग सरकारला सांगा." मी हो म्हणते. पुढच्या फेब्रुवारीत ते परत येतात आणि विचारतात, "सांगितलं का?"

असं सगळं बरं चाललं होतं. मग बोनस बदलला.

बोनसचं थोडं सांगावं लागेल. कामगारांचा बोनस कायद्यानं ठरतो, त्यात मालकाच्या मर्जीचा फारसा प्रश्न नसतो. मॅनेजरांचं तसं नाही. त्यांचा बोनस कंपनी ठरवेल तो. आमचे मोठे शेठ दर दिवाळीला प्रत्येक मॅनेजरला एक जादा पगार द्यायचे. धंदा चांगला झाला तरी एक, बेताचा झाला तरी एक. कोणी विचारलं तर म्हणायचे, "केळी वाऱ्यावर अवलंबून. माणूस कशाला वाऱ्यावर ठेवायचा?"

मॅनेजर मुख्य दोनच. रावेरचे नाना आणि चोपड्याचा तुषार. नाना रिटायर व्हायला आलेले, केबिनमध्ये खुर्ची असूनही बाहेर पालथ्या क्रेटवर बसणारे. त्यांच्याकडच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून आम्ही आयुष्यभर केळी विकणार आणि नाना केयी. तुषार तिशीच्या आतला, शेतकी कॉलेजमधून आलेला, पण काम नानांच्या हाताखाली शिकलेला. रोज संध्याकाळी दोघांचा फोन ठरलेला. किती माल आला, कोणाचा ट्रक अडकला, कोणाच्या फण्यांवर डाग निघाले. आणि त्या फोनवर एक व्यवहार चालायचा, जो आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता. केळी भरणाऱ्या माणसांची टोळी असते. मुकादमाबरोबर एकत्र येते, एकत्र जाते. रावेरला माल जास्त आला की चोपड्याची टोळी आणि रिकामे क्रेट रावेरला जायचे. चोपड्याला जास्त आला की उलट. नाना त्याला उसनी टोळी म्हणायचे. कोण कोणाचं किती देणं लागतं, हे कोणी मोजत नव्हतं.

थंडीत आमच्या कंपनीची भरीत पार्टी असते. शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, भरीत-पुरी खायची आणि झाडाखाली पडायचं. त्या वर्षी पडायच्या वेळेला धाकट्या शेठनी दोन झाडांमध्ये पांढरा पडदा बांधला. धाकटे शेठ मोठ्या शेठचे चिरंजीव, पुण्याहून शिकून आलेले, वागायला अतिशय सभ्य. त्यांच्याबरोबर एक सल्लागार आले होते. त्यांनी पडद्यावर नवी योजना दाखवली. त्यातला तक्ता मी केलेला होता, म्हणून मला पुढे बसवलं होतं.

योजना अशी. तुषारचा पगार महिना साठ हजार आणि दिवाळीला एक जादा पगार. आता साठातले चाळीस ठरलेले. उरलेले हलते. सेंटरनं महिन्याचं खोक्यांचं लक्ष्य गाठलं तर वीस, भरपूर ओलांडलं तर पस्तीसपर्यंत. बरंच कमी पडलं तर शून्य. दिवाळीचा जादा पगार बंद. म्हणजे एखाद्या महिन्याला पंच्याहत्तर. पडद्यावर पंच्याहत्तरचा खांब हिरवा केला होता आणि तो साठच्या खांबापेक्षा उंच होता. साठचा खांब राखाडी होता.

नाना पुरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "साहेब, मले एकच सांगा. माहा पगार वाढला का कमी झाला?"

सल्लागार म्हणाले, "नाना, ते आता तुमच्यावर अवलंबून आहे."

"माह्यावर? केयी आडवी करतो तो वारा कोणावर अवलंबून आहे?"

सगळे हसले. सल्लागारही हसले आणि त्यांनी पडद्यावर पुढचं चित्र आणलं. संमतीच्या कागदांवर सह्या तिथेच झाल्या. भरीत खाऊन सुस्तावलेला माणूस सहसा कशाला नाही म्हणत नाही.

मी तक्ता केला होता, त्यामुळे मला काही गोष्टी दिसत होत्या. लक्ष्य बरोबर गाठलं तर महिन्याला साठच मिळतात, पण दिवाळीचा पगार गेलेला असतो. म्हणजे वर्षाचं एकूण घटतं. वाढतं ते फक्त बरेच महिने फार चांगले गेले तर. दुसरं, ठरलेला पगार कमी झाला की त्यातला मूळ पगारही कमी होतो, आणि भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी हे सगळं मूळ पगाराच्या मागे चालतं. ग्रॅच्युइटी तर शेवटच्या मूळ पगारावर मोजतात. नानांसारख्या रिटायर व्हायला आलेल्या माणसाचा मूळ पगार कमी केला, की त्याची मागची सगळी वर्षं एकदम स्वस्त होतात.

मी धाकट्या शेठना हे सांगायला गेले. दारात उभी राहून "सर, ग्रॅच्युइटी..." एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "नसरीन, सुटं सुटं बघू नको. टोटल बघ." मी "हो सर" म्हणून परत आले. आपल्याहून जास्त शिकलेल्या माणसासमोर माझं वाक्य अर्ध्यात तुटतं, ही माझी जुनी अडचण आहे.

धुळ्याला गेले तेव्हा अब्बांना योजना समजावून सांगितली. ते कापूस पिंजत होते. म्हणाले, "मतलब तुम्हारे मॅनेजर लोग भी अब गादी भरेंगे."

एप्रिलपासून योजना चालू झाली आणि करमणूक सुरू झाली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या केळ्यांना अचानक घाई सुटायची. जो माल दोन तारखेला निवांत गेला असता, तो तीस तारखेला ट्रकमध्ये बसवायला सगळे धावायचे. यावलकडचा एक मोठा शेतकरी दोन्ही सेंटरांच्या मधोमध. आधी त्याची केळी जिकडे जागा असेल तिकडे जायची. आता एका सकाळी नाना आणि तुषार दोघंही त्याच्या बागेत पोचले. शेतकऱ्यानं दोघांना एकाच बाजेवर बसवून चहा पाजला आणि भाव वाढवून घेतला. त्या दिवशी कंपनीचं किती नुकसान झालं हे काढायला मला कोणी सांगितलं नाही. मी काढलं होतं, पण कोणी विचारलंही नाही.

संध्याकाळचा फोन बंद झाला. भांडण असं नाही. पण आता कोणाकडे किती खोकी झाली हे दुसऱ्याला सांगायचं कशाला, असं दोघांनाही वाटत असावं.

तुषारला एप्रिलमध्ये साठ मिळाले, मेमध्ये पूर्ण पंच्याहत्तर. त्यानं ऑफिसात पेढे वाटले. पेढ्यांचं कारण पगार नव्हता. नरडाण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगी वैशाली, शिंदखेड्याला सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. बघणं झालं, दोघं फोनवर बोलत होते, आणि तुषार मोबाइलकडे बघून एकटाच हसायला लागला होता. आम्हाला वाटलं, झालंच.

जूनच्या सुरुवातीला वादळाचा अंदाज आला. रावेरकडच्या शेतकऱ्यांनी तयार घड कापून आणायचा सपाटा लावला, कारण बाग आडवी झाली की घड कवडीमोल. नानांच्या सेंटरच्या अंगणात घडांचे ढीग लागले. टोळी एकच. पूर्वी असतं तर नानांनी तुषारला फोन लावला असता. या वेळी नाही लावला. उसनी टोळी मागायची म्हणजे तुषारची खोकी मागायची, हे त्यांना कळत होतं.

तुषारला एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. त्यानं कोणाला विचारलं नाही. चोपड्याची पूर्ण टोळी आणि होते तेवढे रिकामे क्रेट भरून रावेरला पाठवले आणि स्वतःही गेला. वादळ येऊन गेलं तोवर रावेरचा बहुतेक माल खोक्यांत होता. तुषारच्या सेंटरला मात्र ते दिवस कुलूप लागल्यासारखे गेले, आणि पुढे त्याच्याच भागातल्या बागा पडल्यामुळे महिना सावरला नाही.

आमच्या योजनेत खोकं जिथे भरलं तिथे मोजायचं होतं. चोपड्याच्या टोळीनं भरलेली सगळी खोकी रावेरच्या नावावर पडली. नानांना पस्तीस. तुषारला शून्य.

नाना स्लिप घेऊन जळगावला आले. माझ्या टेबलावर ठेवली. आवाज खाली न करता म्हणाले, "हे माहं नाही. तिकडे टाक."

"नाना, सॉफ्टवेअरमध्ये तसा रस्ता नाही."

"मग रस्ता कर. इतकी शिकली ना तू?"

शेवटी त्यांनी तुषारला रोख द्यायचा प्रयत्न केला. तुषारनं हात मागे घेतले. "नाना, हे घेतलं तर तुम्ही माझ्याकडून टोळी भाड्यानं नेली असं होईल. राहू द्या." नाना मला म्हणाले, "पोरगं माजलं आहे." ते रागानं म्हणाले की कौतुकानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि नेमकं तेव्हाच नरडाण्याहून निरोप आला की मुलीच्या वडिलांना शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा पाहायच्या आहेत. हल्ली असं मागतात. तुषारनं तिन्ही पाठवल्या. लपवणं त्याला जमत नाही, आणि तसंही वैशालीला तो सगळं सांगून बसला होता.

आमच्याकडे मुलगी देण्याआधी चौकशी होते. घरचं कोणीतरी मुलाच्या गावी जातं, पानटपरीवर विचारतं, कामाच्या जागी चक्कर मारतं. आणि जाणारा आपण कोण हे कधीही सांगत नाही. एका सकाळी एक उंच, ताठ गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा. म्हणाले, "बेटा, केळी ईकनी शेत. कोनले भेटू?"

अहिराणी मला समजते, आमच्या गल्लीत सगळेच बोलतात. बोलताना मात्र ऑफिसातली मराठी तोंडात येते. मी विचारलं, "आबा, विकायची केळी किती आहेत?"

"दोन एकर."

केळी लावणारा माणूस एकरात बोलत नाही. तो खोडात बोलतो. पाच हजार खोड, दहा हजार खोड. एकरात बोलणारा माणूस केळी फक्त खातो. मग ते हळूच म्हणाले, "तुम्हना चोपडाना मॅनेजर, तुषार. कसा शे?"

"आबा, तुम्ही नरडाण्याहून आलात का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसले. हेच निंबा आबा, वैशालीचे वडील. रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या आयुष्यात पगार म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, आणि तो कधी हललेला नव्हता. त्यांनी मोबाइलवर तिन्ही स्लिपा काढल्या. मी तुषारला फोन लावून विचारलं, सांगू का. तो म्हणाला, "सगळं सांग. लपवायला उरलंय काय?"

आबांनी बोट ठेवलं. "साठ. पंच्याहत्तर. चाळीस. बेटा, हाऊ पगार शे का केळीना भाव?"

मी मनापासून समजावलं. ठरलेला भाग, हलता भाग, आणि दोन्ही मिळून होतो तो एकूण मोबदला. एम.कॉम.ला हा आख्खा धडा आहे. महिन्याकडे नाही, वर्षाकडे पाहायचं, असं मी सांगितलं.

आबा म्हणाले, "मनी पोर रोज जेवस. वरीसना शेवटले एकदाव नही जेवत."

मी पुढचा मुद्दा सोडून दिला.

"ध्यान दे," ते म्हणाले. "आजारी पडना तरी येस तो पगार. बाकी बठ्ठा पाव्हना." बठ्ठा म्हणजे सगळा. बाकी सगळा पाहुणा, आला तर आला. "पाव्हनाना भरोसावर घर मांडतस का कोनी?"

"नाही आबा."

"मंग जूनमा काय व्हयनं?"

मी सांगितलं. वादळ, नानांचं अंगण, टोळी, खोकी. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे सोतानी टोळी दुसराले दिधी आनि सोताना पगार गमाडा?"

"हो."

"कोनी सांगेल व्हतं त्याले?"

"कोणी नाही."

आबा उठले. टोपी नीट केली. "मंग हाऊ पोऱ्या एकतर देवमानूस शे, नहीतर येडा शे. बेटा, पोर दोन्हीसले देनं कठीन."

आणि ते गेले. आठवडा झाला, निरोप नाही. तुषार चोपड्याहून फोन करायचा, हजेरीचं काहीतरी विचारायचा आणि मग म्हणायचा, "आबा परत आले होते का गं?" मी नाही म्हणायचे. मोबाइलकडे बघून हसणं बंद झालं होतं. वैशाली बोलायची म्हणे, पण आबा घरात विषय काढू देत नव्हते.

नानांना हे कळलं तेव्हा ते थेट मोठ्या शेठकडे गेले. मोठ्या शेठनी धाकट्या शेठना बोलावलं आणि मला आकडे घेऊन यायला सांगितलं. नाना म्हणाले, "शेठ, ते पोरगं माह्यामुये लग्नाचं राहिलं तर मी रावेरले तोंड दाखवणार नाही. तुमचे पस्तीस काढून घ्या आणि काय ते नीट करा."

धाकटे शेठ म्हणाले, "नाना, एका माणसासाठी योजना कशी बदलणार?" त्यांचं चुकीचं नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. "नसरीन, तुझं काय म्हणणं?"

माझं वाक्य पुन्हा अर्ध्यात तुटणार असं वाटलं. पण निंबा आबांनी मला तासभर उलटतपासणीत घेतलं होतं, त्या मानानं शेठ सौम्य होते. मी म्हटलं, "सर, खोकं भरलं कुठे ते मोजतो आपण. टोळी कोणाची होती ते मोजत नाही. निम्मी खोकी टोळी देणाऱ्याला मोजली तर कोणी टोळी दाबून ठेवणार नाही. आणि मूळ पगार होता तेवढा परत करा. हलवायचं ते वरचं हलवा. बँक, फंड, ग्रॅच्युइटी सगळं मुळावर आहे. मूळ कमी झालं की टोटल नुसती पडद्यावर मोठी दिसते."

"हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सर, तुम्ही टोटल बघायला सांगितलं होतं."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, माहीत नाही. मोठे शेठ खोकला आल्यासारखं करून खिडकीकडे वळले. धाकट्या शेठनी वही उघडली आणि लिहून घेतलं. तो माणूस खरंच सभ्य आहे. पुढच्या महिन्यापासून ठरलेला पगार पन्नास, मूळ पगार जुनाच, हलता भाग शून्यापासून पंचवीसपर्यंत, लक्ष्य गाठलं तर दहा. टोळी देणाऱ्याला निम्मी खोकी. दिवाळीचा जादा पगार मात्र परत आला नाही. मी तोही विषय काढणार होते, पण एका दिवसात दोन वाक्यं पूर्ण करणं मला झेपलं नसतं.

आता टोळ्या परत इकडून तिकडे जातात. संध्याकाळचा फोनही सुरू झाला. पण परवा रावेरला गेले होते तेव्हा तो कानावर पडला. नाना क्रेटवर बसून म्हणत होते, "तुषार, तुह्या टोयीची खोकी लिहून घेतली का रे? माह्याकडे दोनशे निघतात." पूर्वी ते आधी विचारायचे, जेवला का. नियम मीच सुचवला होता आणि तो बरोबर आहे, हे मला पटतं. तरी ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

पण त्यामुळे नरडाण्याचा प्रश्न सुटला नाही. नवी स्लिप पाहून आबांनी कळवलं, पन्नास मान्य, बाकी पाव्हना. आणि त्यांना साठ हवे होते.

मग एका शनिवारी आबा परत आले. बरोबर वैशाली होती. साधी, बारीक चणीची, खांद्याला पर्स घट्ट धरलेली. मला म्हणाली, "स्लिपवाल्या मॅडम तुम्हीच ना?" मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. तुषार चोपड्याला होता, आणि त्याला काही माहीत नव्हतं. नाना योगायोगानं त्या दिवशी जळगावातच होते, असं नाना सांगतात.

आबांनी नानांकडे पाहून विचारलं, "ज्याले टोळी दिधी तो तुम्हीच का?"

"मीच," नाना म्हणाले. "आणि मी मागितली नव्हती. तेवढं लिहून ठेवा."

वैशालीनं मला एकच गोष्ट विचारली. "टोळी पाठवली तेव्हा त्यांना माहीत होतं का, की आपल्याला शून्य पडेल?"

मी विचार करून सांगितलं, कारण हे खोटं सांगून चाललं नसतं. "हो. लक्ष्याचा तक्ता मी दर आठवड्याला पाठवते. त्यांना माहीत होतं."

ती आबांकडे वळली. "दखा आबा. त्याले माहीत व्हतं. म्हंजे येडा नही शे."

"मंग देवमानूस शे. ते तं आखो वाईट."

"देवमानूस बी नही. माले फोनवर दोन दिन रडत व्हता, पगार गया म्हनीसन."

नाना एवढ्या जोरात हसले की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी मान वळवली. आबा हसले नाहीत. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरी, पगार हालस त्याना."

"मना नही हालत ना," वैशाली म्हणाली. "मना सरकारी शे, एक तारीखले येस. एका घरमा दोन पगार. एक उभा शे, दुसरा थोडा हालना तं काय व्हई?"

आबांच्या हिशेबात आजवर एकच पगार होता. मुलीचा पगार त्यांनी धरलाच नव्हता. त्यांच्याच घरात दर महिन्याला येणारा, त्यांच्याच रेल्वेसारखा पक्का पगार, आणि चौकशीला निघताना ते तो घरी ठेवून निघाले होते. ते पोरीकडे पाहत राहिले, मग नानांकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. आकडेमोड बरोबर होती.

"आनि परत वादळ ऊनं मंग?" शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी विचारलं.

"मंग तो रावेरले जाई, मी दवाखानामा जासू. तुम्ही घर सांभाळा."

आबांनी उरलेला चहा प्यायला.

लग्नाची सुपारी फुटली ती नरडाण्याला, त्यांच्या अंगणात. मी आणि नाना एकाच गाडीनं गेलो. तुषार नवा शर्ट घालून इतका अवघडून बसला होता की कोणी काही विचारलं तर आईकडे बघत होता. वैशाली आतून दारात येऊन एकदा त्याच्याकडे बघून गेली, तेव्हा कुठे तो नीट बसला. पाहुण्यांना सतरंज्यांवर बसवलं होतं. सुपारीचं ताट मध्ये आलं आणि भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्या काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "निंबा, पोऱ्याले पगार कितला शे रे?"

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. तुषारचा चेहरा उतरला. मी उगाच पदराशी चाळा केला.

आबा ताठ झाले. "पंच्याहत्तर हजार."

काकांनी भुवया उंचावल्या. भाऊबंदांत कुजबुज झाली. नाना माझ्याकडे झुकून पुटपुटले, "पोरी, हा कोणता महिना?"

"मे," मी म्हटलं.

काकांचं समाधान झालं नव्हतं. "दर महिनाले?"

निंबा आबांनी माझ्याकडे जराही न बघता ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"बठ्ठं धरीसन," ते म्हणाले. "सुपारी ल्या."